जोडफुलाची जुडी

हिनोसावा
१९ एप्रिल

चि. गेन्शो यास,
अनेक आशीर्वाद.

कालपासून ओढा मोठ्यानं बोलायला लागला आहे, म्हणजे वरचा बर्फ सुटला. तुझ्याकडे समुद्रावरचा वारा असेल. पहाटे देवळात बसताना छातीला फडकं गुंडाळत जा. तुझी आई होती तोवर ती सांगायची, आता मी सांगते.

एक बातमी आहे, हसू नकोस. मी शाळेत नाव घातलं. वाडीखालची प्राथमिक शाळा मुलं उरली नाहीत म्हणून बंद पडली होती ना, तिथं गावानं म्हाताऱ्यांसाठी वर्ग काढला आहे. दर गुरुवारी असतो. झाडपाला, पाखरं, दगडमाती, सगळं शिकवतात. बाकं मात्र पोरांचीच आहेत. शेजारची शिगेताई पहिल्याच दिवशी बाकात अडकली, दोघांनी धरून ओढून काढली. बाहेर निघाल्यावर म्हणते कशी, "पहिलीत बसवलं ते बसवलं, आता नापासही करणार का?"

यंदा तुला भाजीची जुडी पाठवणार नाही. रागावू नकोस, यांचे हात दुखतात. सोबत सुकवलेले नेचे पाठवते आहे. गेल्या सालचे आहेत, पण चांगले आहेत.

तुझी मावशी,
तोमिए


इवानोउरा
२ मे

ती. मावशीस,
साष्टांग नमस्कार.

किनाऱ्यावर माकूळ वाळत घातले आहेत. देवळात उदबत्तीपेक्षा त्यांचाच वास येतो. बुद्धांना सवय झाली आहे, मला अजून नाही.

नेचे मिळाले. शाळेचं वाचून मात्र हसलोच. मासुकिचीकाकांच्या घरात उभा जन्म काढून पानं ओळखायला शाळेत जायचं, म्हणजे विहिरीच्या काठावर राहून पाणी विकत आणायचं! आई गेली त्या वर्षी मी तुमच्याकडे होतो. काका मला वर डोंगरात घेऊन जायचे, डोळे मिटायला लावायचे आणि हातात पान द्यायचे. "डोळा फसतो, बोट फसत नाही," म्हणायचे. पहिली भाजी आली की भाताच्या काडानं जुड्या बांधायचे आणि प्रत्येक दाराच्या खिळ्याला एकेक अडकवत पुढे जायचे. कडीसुद्धा वाजवायचे नाहीत. ती जुडी सोडून आत काय आहे ते कोणी पाहिल्याचं मला आठवत नाही. मासुकिचीची जुडी सरळ उकळत्या पाण्यात जायची.

यंदा ती चव हुकली. काकांच्या हातांना गरम पाण्याचा शेक दे.

तुझा,
गेन्शो


हिनोसावा
१० जून

चि. गेन्शो यास,
अनेक आशीर्वाद.

भातलावणी झाली. रात्रभर बेडूक ओरडतात, तुझ्या देवळातल्या पाठासारखे, एक थांबला की दुसरा.

वर्ग चांगला चालला आहे. शिकवायला हिराइवाबाई येतात. बारीक आहेत, आवाज मात्र शेताच्या या बांधावरून त्या बांधावर पोचेल असा. मागे दोघे जण झोपतात, त्यांना त्या बरोबर प्रश्न विचारतात. एप्रिलअखेर त्यांनी दोन रोपं मुळासकट आणून शेजारीशेजारी ठेवली. एक आपली जोडफुलाची भाजी, दुसरा विषारी बचनाग. दोन्ही एकाच ओलीत, एकमेकांच्या कुशीत उगवतात. कोवळेपणी पान तसंच, कातराही तसाच. फरक एवढाच, की जोडफुलाला पांढरी कळी धरते आणि बचनागाला त्या वेळी काही नसतं. "कळी नाही, तर भाजी नाही." बाईंनी आम्हा सगळ्यांकडून हे पोरांसारखं एका सुरात म्हणवून घेतलं.

शिगेताई म्हणाली, "बाई, आम्हांला कशाला हे? आमची भाजी मासुकिची दारात आणून देतो. आम्ही फक्त गिळायला शिकलोय."

सगळे हसले आणि माझ्याकडे बघायला लागले. मीही हसले.

हल्ली जुड्या मी बांधते. यांचे हात दुखतात म्हणून.

तू देवाधर्मातला, म्हणून एक विचारते. एखाद्याच्या हातून नकळत काही घडलं, त्याला त्याचा पत्ताही नाही, तर ते कोणाच्या माथी? आणि ज्याला ठाऊक आहे पण जो बोलत नाही, त्याच्या माथी काय? वर्गात विषय निघाला होता.

तुझी मावशी,
तोमिए


इवानोउरा
२४ जून

ती. मावशीस,
साष्टांग नमस्कार.

पाऊस लागला आहे. पानांच्या वर्गात असेही विषय निघतात हे वाचून बरं वाटलं.

मला मोठं शास्त्र कळत नाही. पाहिलेलं सांगतो. आमच्याकडे घंटा वाजवायला एक आजोबा होते. पुढेपुढे ते ठोके विसरायचे. मी खांबाआड उभा राहायचो आणि ते थांबले की हलकेच खोकायचो. मग ते पुढचा ठोका द्यायचे. शेवटपर्यंत त्यांना वाटलं, आपण चुकत नाही. गावालाही तसंच वाटलं. मी लबाडी केली का? मला तसं वाटत नाही. दुसऱ्याचं उणं झाकणं हेही दानच आहे. ज्यानं जन्मभर दिलं, त्याच्याकडून देणं काढून घेतलं, तर त्याच्यापाशी नुसते हात उरतात.

नकळत घडलेल्याला बुद्ध क्षमा करतात. जो जाणूनबुजून गप्प राहतो, त्याचं गप्प राहणं कशासाठी आहे ते पाहावं. मायेपोटी असेल तर मी तरी त्याला दोष देणार नाही.

तुझा,
गेन्शो


हिनोसावा
२१ नोव्हेंबर

चि. गेन्शो यास,
अनेक आशीर्वाद.

वरच्या रांगेवर बर्फ धरला. मुळे वळचणीला टांगले आहेत. पत्राला फार उशीर झाला.

वर्गात तसला काही विषय निघाला नव्हता. मी खोटं लिहिलं होतं.

गेल्या मार्चमध्ये यांनी परसातून पातीचा कांदा म्हणून हिरवी पात आणली. मी ती डाळीच्या रश्शात घातली. दुपारी आम्ही दोघं ओकून ओकून आडवे झालो. नंतर जाऊन पाहिलं तर आपल्याच कुंपणालगतचं फुलझाड होतं ते, मीच लावलेलं. यांना म्हटलं, मासा शिळा होता. ते "बरं" म्हणाले. तेव्हा पहिल्यांदा मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. हात दुखत नाहीत त्यांचे, गेन्शो. बोटांना पानं आठवत नाहीत.

आणि मला तरी काय येत होतं? हे आणायचे, मी शिजवायची. डोंगर त्यांचा, चूल माझी. एक पान ओळखता येत नव्हतं मला. म्हणून शाळेत गेले. यंदा वसंतात हे आंघोळीला गेले की मी टोपली पालथी करायची आणि एकेक देठ कळीशी ताडून बघायची. दोनदा बचनाग निघाला. तो काढून जुड्या बांधल्या आणि यांच्याच हातात दिल्या. हे वाडीभर वाटून आले. कोणाला काही कळलं नाही. खांबाआडून खोकणारा तू, तशी मी.

कोणाला सांगू नकोस. वाडीत कळलं तर दारातून जुडी परत येईल. त्या दिवशी हे संपतील.

तुझी मावशी,
तोमिए


इवानोउरा
९ डिसेंबर

ती. मावशीस,
साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून घंटा वाजवायची वेळ टळली. मी ते आजोबांचं लिहिलं तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. ठोका चुकला तर कोणी मरत नाही.

वाडीच्या पंचांना सांगायला हवं, असं मन म्हणतं. पण काकांचा चेहरा डोळ्यांपुढे येतो आणि लेखणी अडते. आता बर्फ पडला आहे, वसंतापर्यंत काही उगवायचं नाही. एप्रिलमध्ये मी येतो. काकांशी मीच बोलेन. त्यांनीच शिकवलेल्या पोरानं सांगितलं, तर कदाचित कमी लागेल. तोवर तू गप्प राहा. रोज सकाळी तुम्हा दोघांसाठी नाम घेतो.

तुझा,
गेन्शो


इवानोउरा
२२ एप्रिल

ती. मावशीस,
सा. न.

कार्डावरच लिहितो. इथे एकामागून एक मर्तिकं निघाली, देऊळ सोडता येत नाही. मेच्या सुट्ट्या झाल्या की नक्की येतो. तोवर काकांना वर जाऊ देऊ नकोस.

गेन्शो


हिनोसावा
१२ मे

चि. गेन्शो यास,
आशीर्वाद.

हवापाण्याचं लिहीत नाही. शिगेताई गेली. पेपरात दोन ओळी आल्या होत्या, तू वाचल्या असशील.

तुझं कार्ड आलं त्याच आठवड्यात वर्गाची सहल होती. ओढ्यापलीकडच्या उतारावर हिराइवाबाई जोडफूल आणि बचनाग जागेवर उगवलेले दाखवणार होत्या. मी जाणार नव्हते. मग वाटलं, यंदा डोळा आणखी पक्का हवा. टोपली आणि विळा मी कोठारात टाकून कुलूप लावलं. निघताना यांना म्हटलं, "वर अजून बर्फ आहे. जाऊ नका."

हे ओसरीवर चहा पीत होते. म्हणाले, "बघतो की. बर्फ काय तुझ्या शाळेला विचारून पडतो?" आणि हसले. कितीतरी दिवसांनी असे हसले होते. मला बरं वाटलं. मी गेले.

दुपारी परतले तर हे ओसरीवर बसलेले, भोवती काडाचे तुकडे. टोपली नव्हती म्हणून ओझं बांधायच्या फडक्यातून आणली होती. "सगळ्यांना पोचती केली," म्हणाले. "ही आपली. शिजव."

मी ती जुडी सोडली. निम्म्या देठांना कळी नव्हती.

मी धावले, गेन्शो. या वयात धावले. दारोदार गेले. आणि प्रत्येक दारात काय सांगितलं, तर "यावरून गोगलगाई फिरल्यात, पानं खराब निघाली. हे म्हणतात उद्या ताजी देतो." बचनाग हा शब्द जिभेवर आला होता. तो मी गिळला. लोकांनी हसत हसत जुड्या परत दिल्या. "गोगलगाईंनाही मासुकिचीचीच आवडते वाटतं," असं कोणी म्हणालं.

शिगेताई गुडघा धरला म्हणून सहलीला आली नव्हती. ती आतून जुडी घेऊन आली. "अगं, गोगलगाईचं काय एवढं? धुतली की झालं. आणि काय गं, शाळेत काय काय पाहिलं?" मी म्हटलं, "उद्या सांगते." जुडी घेतली आणि पळाले. ती जुडी बारीक झाली होती, हे मला दिसलं नाही.

तिनं त्यातली मूठभर आधीच काढून, उकळून, नवऱ्याच्या तसबिरीपुढे ठेवली होती. आपल्याकडे पहिली भाजी आधी देवघरात जाते, हे मला ठाऊक नव्हतं का? आणि तिथं ठेवलेलं कोणी परत मागत नाही, देत नाही. सांज झाली की घरच्यानं ते प्रसाद म्हणून खायचं. बचनाग म्हणाले असते तर तिनं नवऱ्यापुढून ते पहिलं उचललं असतं. वर्गात माझ्या शेजारी बसायची ती. कळी नाही तर भाजी नाही, हे तिलाही पाठ होतं. पण दारातल्या जुडीत कोण बघतं? आणि गोगलगाईपायी नैवेद्य कोण उचलतं?

सांजेला आमच्याकडे फोन वाजला. मी परसात खड्डा खणून ती पानं पुरत होते. फोन यांनी घेतला. मी आत आले तर म्हणाले, "कोणीतरी पिऊन फोन करतंय. जीभच वळत नव्हती. मी ठेवून दिला."

बचनागानं आधी जीभ बधिर होते. हेही बाईंनी शिकवलं होतं. मी अंगणातून तशीच पळाले. दार उघडंच होतं. फोन तिच्या हातात होता.

आता सगळे म्हणतात, शिगेनं स्वतःच खुडली. पोलीस आले, आरोग्य खात्याची माणसं आली, त्यांनाही वाडीनं तेच सांगितलं. मनापासून सांगितलं. मासुकिचीच्या जुडीचा कोणाच्या मनात संशयही आला नाही. "म्हातारपणी शाळेत गेली, दोन पानं ओळखता आली की धीर चेपतो," असं पंच म्हणाले. वर्ग तूर्त बंद आहे. कायमचा बंद करायचा का ते महिनाअखेर ठरवणार आहेत. अंत्यविधीला हिराइवाबाई आल्या होत्या. आत आल्या नाहीत. फाटकाबाहेर माझा हात धरून म्हणाल्या, "मी कळीचं सांगितलं होतं ना हो? नीट सांगितलं नव्हतं का मी?"

मी म्हटलं, "सांगितलं होतं." एवढंच म्हटलं.

तोमिए


इवानोउरा
१७ मे

ती. मावशीस,
साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र बुद्धांपुढे ठेवून बसलो. पाठ सोडून हे लिहायला घेतलं.

देण्याबद्दल मी जे लिहिलं होतं ते छान लिहिलं होतं, मलाही ते आवडलं होतं. आता त्यातला एकेक शब्द नकोसा वाटतो. गप्प राहा असंही मीच सांगितलं होतं. येतो म्हटलं आणि मेलेल्यांची कामं पुढे केली. शिगेताईंनी लहानपणी मला पर्सिमनची फळं सोलून दिलेली आठवतात.

मावशी, आता सांगायला हवं. गेलेल्या बाईच्या नावावर हे राहू देऊ नये, आणि त्या शिकवणाऱ्या बाईंच्याही नाही. तुझ्यानं होणार नाही. शनिवारच्या गाडीनं मी येतो, पंचांपुढे मी उभा राहतो. तू फक्त शेजारी बस.

तुझा,
गेन्शो


हिनोसावा
२८ जून

चि. गेन्शो यास,
अनेक आशीर्वाद.

त्या दिवशी तू फाटकापर्यंत आलास आणि मी तुला परत पाठवलं, त्याचा राग मानू नकोस. तू बोलला असतास तर लोकांनी तुझं ऐकलं असतं, माझं नाही. ते मलाच बोलायचं होतं.

बैठक शाळेतच झाली. आम्ही सगळे त्याच बाकांवर बसलो होतो. पंच म्हणाले, वर्गामुळे एक जीव गेला, तर बंदच केलेला बरा. कोणाचं काही म्हणणं आहे का? मी हात वर केला. पोरं करतात तसा. उठून सांगितलं, की भाजी शिगेताईनं खुडली नाही. यांच्या हातची होती, आणि मी ती परत घ्यायला गेले तेव्हा खोटं बोलले. त्याआधीचंही वर्षभराचं सांगितलं.

पंच म्हणाले, "तोमिएबाई, बसा." मागच्या बाकावरचा दाइहाची, जो नेहमी झोपतो, तो जागा होता. तो म्हणाला, "गेल्या वर्षी आमच्याकडे जुडी आली तेव्हा नातू आला होता. त्यानंही खाल्ली." एवढंच म्हणाला आणि टोपी घालून निघून गेला.

मग पोलिसांकडे गेले. दोनदा बोलावलं, आणखी बोलावतील. यांना डॉक्टरांकडे नेलं. शिगेताईचा मुलगा आला होता. त्यानं वाकून नमस्कार केला, म्हणाला, "आईला काकांची भाजी फार आवडायची." चहा ओतला होता. त्यानं घेतला नाही.

वर्ग बंद झाला नाही. मी जाते. बाई माझ्याशी बोलतात, पण माझ्याकडे बघत नाहीत. शेजारच्या बाकावर कोणी बसत नाही. येताना वाडीतून चालत येते. कोणी वाईट बोललेलं नाही. पण प्रत्येक दाराच्या चौकटीतला तो जुडीचा खिळा उपटलेला आहे. लाकडात नुसतं भोक आहे.

यांना मी सांगितलं. बैठकीच्या आदल्या दिवशी समोर बसून सांगितलं. त्यांनी विचारलं, "कोणाच्या हातची?" मी म्हटलं, "तुमच्या." ते उठले, नळाखाली हात धुवायला लागले. किती वेळ धुतले, मी मोजलं नाही. शेवटी मीच नळ बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "शिगेच्या घराची दारं बंद का? मुलाकडे गेली का?" पुन्हा सांगायला माझी जीभ उचलली नाही. यांच्या मनात ती एकदाच मेली, तेवढं पुरे. रोज मारायला माझ्यात बळ नाही. हे झाकणं कसलं, ते तू ठरव. मी आता तुला विचारत नाही.

देवघरात शिगेताईच्या नावानं एक वाटी ठेवते, भाताची. भाजी आम्ही कोणतीच खात नाही.

रोज सकाळी हे ओसरीवर येऊन बसतात. समोर सगळा डोंगर गर्द हिरवा आहे, भात गुडघ्याला लागला आहे, ऊन इतकं की डोळे मिटावे लागतात. हे विचारतात, "वरचा बर्फ गेला का गं?"

मी म्हणते, "नाही अजून."

हे बराच वेळ त्या हिरव्या डोंगराकडे बघतात. मग म्हणतात, "तू शाळेत जातेस. तू म्हणतेस तर नसेल गेला." आणि रिकामे हात मांडीवर ठेवून बसून राहतात.

तुझी मावशी,
तोमिए